‘असोसिएशनचा विमा आहे ना!’ : अमेरिकेतल्या मराठी कॉन्डोमालकांना खुलं पत्र

प्रति,
अमेरिकेत कॉन्डो, म्हणजे सामायिक इमारतीतला स्वतःच्या मालकीचा फ्लॅट, घेतलेल्या आणि घेऊ घातलेल्या सर्व मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन आठवड्यांनी एक प्रश्न हमखास येतो. ‘पुढच्या शुक्रवारी कॉन्डोचं क्लोजिंग आहे, लेंडर एचओ-६ मागतोय, सगळ्यात स्वस्त कुठे मिळेल?’ (क्लोजिंग म्हणजे खरेदीचा व्यवहार पुरा होणं, लेंडर म्हणजे कर्ज देणारी बँक आणि एचओ-६ म्हणजे कॉन्डोमालकाची स्वतःची विमा पॉलिसी.) पाच मिनिटांत दहा उत्तरं हजर. कुणी गाडीच्या विम्याबरोबर बंडल करायला सांगतं, कुणी स्वतःच्या प्रीमियमचा स्क्रीनशॉट टाकतं, आणि शेवटी एखादा जुनाजाणता दादा निकाल देऊन टाकतो, ‘अरे, बिल्डिंगचा विमा असोसिएशनचा, म्हणजे मालकांच्या सोसायटीचा, असतोच. तू आपली कमीत कमीची घे आणि मोकळा हो.’ चार अंगठे वर जातात, विषय मिटतो.

तसा स्क्रीनशॉट एकदा मीही टाकला होता. वर हसरा चेहराही चिकटवला होता. तेव्हा हे पत्र दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला लिहिलेलं नाही; त्या स्क्रीनशॉटबद्दल तुमची माफी मागायची राहून गेली होती, ती मागतेय असं समजा.

झालं ते असं. मंगळवारची दुपार, मी ऑफिसात. बिल्डिंगच्या मॅनेजरचा फोन आला, ‘ताबडतोब या.’ घरी पोचले तर स्वयंपाकघराच्या छताला परातीएवढा फुगा लटकत होता. रंगाच्या थराखाली पाणी साचून रंग रबरासारखा ताणला गेला होता. मेंटेनन्सच्या माणसाने खाली कचऱ्याचं मोठं पिंप ठेवलं, स्टुलावर चढून स्क्रूड्रायव्हरने त्या फुग्याला भोक पाडलं आणि पिंप बघता बघता अर्धं भरलं. वरच्या मजल्यावरच्या वॉशिंग मशीनचा होज फुटला होता आणि घरात कुणी नव्हतं. पुढचे चार दिवस घरात वाळवणीचे पंखे घरघरत होते. आमचं बोलणं ओरडूनच चालायचं.

छत, दोन भिंतींचं ड्रायवॉल, ओट्याखालची कपाटं आणि लाकडी फ्लोअरिंग मिळून अंदाज आला १८,४०० डॉलरचा. वरच्यांच्या घरातलं नुकसान साधारण ४,१०० डॉलरचं. मी निर्धास्त होते. भिंती आणि छत म्हणजे बिल्डिंग, आणि बिल्डिंगचा विमा असोसिएशनचा, इतकं साधं गणित माझ्या डोक्यात होतं. मग मॅनेजमेंट कंपनीचं ईमेल आलं. मास्टर पॉलिसीचं, म्हणजे असोसिएशनच्या विम्याचं, डिडक्टिबल (नुकसानीतला जो पहिला भाग विमा कंपनी भरत नाही तो) प्रत्येक घटनेला २५,००० डॉलर. दोन्ही घरांचं मिळून नुकसान २२,५०० डॉलर. म्हणजे मास्टर पॉलिसीतून एक छदामही येणार नव्हता. आणि आमच्या डिक्लेरेशनप्रमाणे, म्हणजे कॉन्डोच्या नोंदवलेल्या दस्ताप्रमाणे, डिडक्टिबलच्या आत राहिलेलं युनिटमधलं नुकसान त्या त्या मालकाने सोसायचं.

माझ्या स्वस्त आणि मस्त पॉलिसीत ड्वेलिंगच्या, म्हणजे घराच्या आतल्या बांधकामाच्या, रकान्यात आकडा होता ५,०००. तेवढे मिळाले. उरलेले १३,४०० डॉलर खिशातून गेले. खुर्च्या आणि गालिचा यांचे पैसे पर्सनल प्रॉपर्टीखाली वेगळे मिळाले, ते सोडा.

हे ऐकल्यावर प्रत्येक जण एकच विचारतो, वरच्यांनी भरून द्यायला नको का? मीही तेच विचारलं. त्यांच्या विमा कंपनीने सांगितलं की होज अचानक फुटला, आधी गळत असल्याची काही खूण नव्हती, त्यामुळे त्यांच्या पॉलिसीधारकाचा निष्काळजीपणा दिसत नाही. पाणी त्यांच्या घरातून आलं एवढ्याने त्यांची लायबिलिटी, म्हणजे भरपाईची जबाबदारी, साधारणपणे सिद्ध होत नाही. कसूरही दाखवावी लागते. होज महिनाभर ठिबकतोय हे माहीत असूनही त्यांनी दुर्लक्ष केलं असतं, तर गोष्ट वेगळी. रागावण्यात अर्थ नव्हता. वरच्या वहिनी खरोखरच चांगल्या आहेत, त्या चार दिवसांत आमचं जेवण त्यांच्याकडेच होतं.

आता मुद्द्यावर येते. कॉन्डोत विमे दोन. एक असोसिएशनची मास्टर पॉलिसी, जिचे पैसे आपण महिन्याच्या एचओए फीमधून, म्हणजे असोसिएशनच्या वर्गणीतून, भरतो. दुसरी आपली स्वतःची, म्हणजे एचओ-६. या दोन विम्यांमधली हद्द भिंतीवर आखलेली नसते, ती कागदावर असते, आणि प्रत्येक असोसिएशनची वेगळी असते. ढोबळमानाने तीन तऱ्हा. ‘बेअर वॉल्स’ असेल तर मास्टर पॉलिसी सांगाडा, छप्पर, कॉमन जागा एवढंच बघते. आतलं सगळं तुमचं. ‘सिंगल एन्टिटी’ असेल तर बिल्डरने मुळात जे बसवून दिलं तेवढं तिच्यात येतं. तुम्ही किंवा तुमच्या आधीच्या मालकाने घातलेला क्वार्ट्झचा ओटा, बदललेली कपाटं, नवं बाथरूम येत नाही. ‘ऑल-इन’मध्ये या सुधारणाही धरतात. अनेक राज्यांनी ज्याच्या आधारे आपले कायदे बेतले, त्या १९८० च्या युनिफॉर्म कॉन्डोमिनियम ॲक्टमध्ये मधली तऱ्हा आहे : एकावर एक युनिटं असतील तर असोसिएशनच्या विम्यात युनिटं यावीत, पण मालकाने केलेल्या सुधारणा आल्याच पाहिजेत असं नाही. फ्लोरिडाने कायद्यात यादीच दिली आहे. युनिटच्या आतलं जमिनीचं, भिंतीचं आणि छताचं आवरण, दिवे, उपकरणं, वॉटर हीटर, कपाटं, ओटे, खिडक्यांचे पडदे हे सगळं मालकाचं. ड्रायवॉल मात्र असोसिएशनचं. म्हणजे तिथे भिंत त्यांची आणि तिच्यावरचा रंग तुमचा. ऐकायला विनोदी वाटतं, पण क्लेमच्या वेळी नुकसान मोजायला आलेला ॲडजस्टर अगदी अशीच विभागणी करत बसतो.

एक घोटाळा इथे सगळ्यांचा होतो, माझाही झाला. ‘डिक्लेरेशन’ नावाचे कागद दोन. एक कॉन्डो स्थापन करतानाचा, काउंटीत नोंदवलेला जाडजूड दस्त. हद्द कुठे आणि डिडक्टिबल कुणाच्या माथी, हे त्यात असतं. दुसरं तुमच्या विमा पॉलिसीचं डिक्लेरेशन्स पेज. आकडे त्यात असतात. एजंटने ‘डिक्लेरेशन पाठवा’ म्हटल्यावर मी दुसरा पाठवला आणि त्यानेही काही न बोलता तो फाइल केला. पहिला कागद न बघता तुमच्या ड्वेलिंगचा आकडा कुणी ठरवला असेल, तर तो आकडा अंदाजपंचे आहे, मग एजंट कितीही गोड बोलणारा असो.

ड्वेलिंग, म्हणजे पॉलिसीतलं ‘कव्हरेज ए’, हाच आपल्या लोकांचा सगळ्यात दुर्लक्षित रकाना. प्रचलित एचओ-६ मध्ये तो ५,००० डॉलरपासून सुरू होतो आणि ‘स्वस्त’ कोट बहुधा तिथेच सोडलेला असतो. एवढ्यात आजकाल ओट्याखालची कपाटंही होत नाहीत. हा आकडा ठरवताना दोन गोष्टींची बेरीज धरा. पहिली, तुमच्या डिक्लेरेशनप्रमाणे जे जे तुमच्या अंगावर आहे ते नव्याने करायचा आजचा खर्च. दुसरी, मास्टर पॉलिसीचं पूर्ण डिडक्टिबल. ही दुसरी कुणी धरत नाही, आणि माझं घर नेमकं तिथेच बुडालं. कव्हरेज ए मध्ये असोसिएशनच्या करारानुसार ज्याच्या विम्याची जबाबदारी तुमच्यावर येते ती मालमत्ताही धरलेली असते. म्हणजे डिडक्टिबलच्या आत अडकलेली माझी भिंत या रकान्यातून उभी राहू शकली असती. रकान्यात पैसे हवे होते, एवढंच. नंतर मी ती मर्यादा साठ हजारांवर नेली आणि प्रीमियममध्ये पडलेला फरक पाहून हसावं की रडावं कळेना.

आता दुसरा रकाना, ‘लॉस असेसमेंट’. लॉबीला आग लागली, वादळाने छप्पर उडालं, आणि मास्टर पॉलिसी पुरली नाही तर उरलेली रक्कम सगळ्या मालकांवर वाटून लावतात, हीच असेसमेंट. त्यातला तुमचा वाटा या रकान्यातून मिळतो. मूळ पॉलिसीत तो बहुधा १,००० डॉलर असतो. फ्लोरिडाच्या कायद्याने किमान २,००० ठरवला आहे. तो वाढवता येतो आणि वाढवावा. पण थांबा, इथे एक खाच आहे, आणि ती मी तीनदा वाचल्यावर माझ्या डोक्यात शिरली. पुष्कळ कंपन्या वापरतात त्या प्रमाणित मसुद्यात असं कलम आहे की, असेसमेंट जर मास्टर पॉलिसीच्या डिडक्टिबलपायी लावलेली असेल, तर तुम्ही मर्यादा पन्नास हजारांवर नेली असली तरी त्या कारणासाठी मिळणार १,००० डॉलरच.

हिशेब करून बघा. शंभर युनिटांची बिल्डिंग, विमा दोन कोटी डॉलरचा, वादळासाठी डिडक्टिबल पाच टक्के. (पाच टक्के हे मी हवेतून काढलेलं नाही, बँकांकडून घरकर्जं विकत घेणारी फॅनी मे ही संस्था मास्टर पॉलिसीचं डिडक्टिबल साधारण तिथवर चालवून घेते.) वादळ झालं, तर डिडक्टिबल दहा लाख डॉलर आणि प्रत्येक घराच्या वाट्याला दहा हजार. हातात असेसमेंटचं पत्र, पॉलिसीत लॉस असेसमेंटची मर्यादा पन्नास हजार, आणि हातात पडणार एक हजार. सगळ्या कंपन्या तशा नाहीत. काही जणी स्वतःचा मसुदा वापरतात आणि डिडक्टिबलची असेसमेंटही पूर्ण भरून देतात. म्हणूनच एजंटला ‘लॉस असेसमेंट किती?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘मास्टर डिडक्टिबलपायी लागलेल्या असेसमेंटला किती?’ असं विचारा, आणि उत्तर ईमेलवर मागा. फोनवरचा ‘यू आर ऑल सेट’ मी पुष्कळ ऐकलाय.

आणि जी असेसमेंट कुठलीच पॉलिसी भरत नाही ती वेगळीच. छप्पर जुनं झालं, बाल्कन्यांचं काँक्रीट फुगलं, रिझर्व्हमध्ये, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांच्या राखीव निधीत, खडखडाट, म्हणून बोर्डाने लावलेली स्पेशल असेसमेंट. विमा आकस्मिक नुकसानीचा असतो, झिजेचा नसतो. फ्लोरिडातल्या सर्फसाइडची चॅम्प्लेन टॉवर्स साउथ तुम्हाला आठवत असेल. १९८१ साली बांधलेली, बारा मजली, १३६ युनिटांची इमारत. २४ जून २०२१ ला मध्यरात्रीनंतर तिचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसं गेली. त्याआधी दोन-अडीच महिन्यांपूर्वीच तिथल्या मालकांना दुरुस्तीसाठी सुमारे दीड कोटी डॉलरच्या असेसमेंटची पत्रं गेली होती. त्यांनी कितीही चांगली एचओ-६ घेतली असती तरी त्या पत्रावर तिचा उपयोग नव्हता. त्या दुर्घटनेनंतर फ्लोरिडाने २०२२ मध्ये कायदा बदलला. तीन किंवा अधिक मजल्यांच्या जुन्या कॉन्डोंची ठरावीक वयात तपासणी आणि रिझर्व्हचा अभ्यास सक्तीचा झाला. बाकीच्या राज्यांत राहणाऱ्यांनी स्वतःच्या बिल्डिंगचा रिझर्व्ह स्टडी मागून वाचावा. मीटिंगमध्ये फी वाढवायला कडाडून विरोध करणाऱ्यांत आपली माणसं पुढे असतात, हे सांगताना मला लाज वाटते. त्यात मीही होते.

पुराचं थोडक्यात सांगते. एचओ-६ मध्ये पूर नाही. भूकंप नाही. गटाराचं पाणी उलटून वर आलं तर तेही नाही, त्यासाठी पॉलिसीला वेगळी जोडणी (एंडोर्समेंट) घ्यावी लागते. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या शेपटाने न्यू जर्सीत तळमजले बुडवले, तेव्हा ‘आम्ही फ्लड झोनमध्ये नाही’ म्हणणाऱ्यांच्या सोफ्याला बुडताना झोन विचारायला कुणी आलं नाही. सरकारी फ्लड प्रोग्रॅममधून असोसिएशनला युनिटांची संख्या गुणिले अडीच लाख डॉलर इतपत विमा घेता येतो. तुमच्या सामानासाठी वेगळा, एक लाखापर्यंत. नवी पॉलिसी सहसा तीस दिवसांनी लागू होते, म्हणजे वादळाची बातमी पाहून धावण्यात अर्थ नाही. कॅलिफोर्नियातल्यांसाठी : १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपानंतर विमा कंपन्यांनी हात आखडले, म्हणून तिथे भूकंपविम्यासाठी १९९६ मध्ये अर्थक्वेक अथॉरिटी उभी राहिली. तिच्याकडे कॉन्डोमालकांची वेगळी पॉलिसी आहे आणि भूकंपातल्या असेसमेंटचं कव्हरही. तुमच्या असोसिएशनने भूकंपाचा विमा घेतलाच नसेल, तर हे कव्हर कसं लागू होतं ते नीट विचारून घ्या.

आता खास आपल्या घरांतल्या तीन गोष्टी.

सोनं. पुष्कळ पॉलिसींत दागिन्यांची चोरी झाली तर सगळे मिळून साधारण १,५०० डॉलरपर्यंत, आणि रोख रक्कम साधारण २०० डॉलरपर्यंत. पर्सनल प्रॉपर्टीचा आकडा पन्नास हजार असला तरी. आईने दिलेल्या पाटल्या, लग्नातलं गंठण, तोडे ज्यांच्या बेडरूमच्या कपाटात रुमालात बांधून ठेवलेत त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. आणि हरवलं, बोटातून अंगठी गळून पडली, तर काहीच नाही. दागिना ‘शेड्यूल’ करावा, म्हणजे पॉलिसीत किमतीसह वेगळा नोंदवावा, लागतो. त्यासाठी अप्रेझल, म्हणजे जाणकाराने केलेलं मूल्यांकन, लागतं. जुन्या दागिन्यांच्या पावत्या आपल्याकडे नसतात, त्यामुळे फोटो आणि वजन तरी आजच लिहून ठेवा.

हिवाळ्यात भारतात जाणं. तुम्ही दोन महिने नसताना पाइप गोठून फुटला, तर घर गरम ठेवायची किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे करायची वाजवी काळजी तुम्ही घेतली होती का, हे पहिलं विचारतात. बिल्डिंगमध्ये स्प्रिंकलर असतील तर पाणी तोडून चालत नाही, थर्मोस्टॅट चालूच ठेवावा लागतो. वीज वाचवायला तो बंद करून विमानात बसणारे महाभाग मला माहीत आहेत. वॉशिंग मशीनचा नळ मात्र सगळ्यांनी बंद करून जावं. तेवढ्याने खालच्या घरातली एखादी बाई हे असलं पत्र लिहिण्यापासून वाचेल.

तिसरी, भाड्याने देणं. मोठं घर घेतलं आणि कॉन्डो भाड्याने दिला, पण विमा कंपनीला कळवायचं राहून गेलं, हे इतक्या जणांकडून ऐकलंय की मोजणं सोडलं. एचओ-६ ही मालक स्वतः राहतो असं धरून लिहिलेली असते. भाडेकरू आला की वेगळी जोडणी किंवा वेगळी पॉलिसी लागते. कळवलं नसेल तर क्लेमच्या दिवशी कळवण्यात काही हशील नाही.

आणखी एक, हळूहळू झिरपणारं पाणी. सिंकखाली महिनोन्महिने ओल येत असेल आणि बुरशी धरली असेल, तर अचानक घडलेल्या नुकसानीचा विमा त्याला उभं करत नाही. कपाट उघडून बघत जा.

माझी विनंती ग्रुपला आहे, आणि ती अगदी साधी आहे. ‘सगळ्यात स्वस्त कुठे’ या प्रश्नाला यापुढे कुणी प्रीमियमचा स्क्रीनशॉट टाकू नये. त्याऐवजी मॅनेजमेंट कंपनीला पाठवायचं हे ईमेल टाकावं, मी ते पिन करून ठेवतेय : मास्टर पॉलिसीचं सर्टिफिकेट आणि डिक्लेरेशन्स पेज पाठवा, पाणी, आग आणि वादळ यांची डिडक्टिबलं वेगवेगळी सांगा, डिडक्टिबल कुणी भरायचं ते नोंदवलेल्या डिक्लेरेशनच्या कुठल्या कलमात आहे ते कळवा, गेल्या रिन्यूअलला यातलं काय बदललं तेही. शेवटचा प्रश्न गाळू नका. आमच्या असोसिएशनचं डिडक्टिबल मी घर घेतलं तेव्हा १०,००० होतं. प्रीमियम आवाक्यात ठेवायला बोर्डाने ते २५,००० केलं आणि ही बातमी वार्षिक अंदाजपत्रकाच्या पाकिटात चौदाव्या पानावर छापली. पाकीट मी फोडलंही होतं. एचओए फी किती वाढली ते पहिल्या पानावर पाहिलं आणि ड्रॉवरमध्ये टाकून दिलं.

जे आपले लोक असोसिएशनच्या बोर्डावर आहेत, त्यांना वेगळं सांगते. तुम्ही फुकट काम करता, वर शिव्या खाता, हे मला ठाऊक आहे. तरी डिडक्टिबल वाढवायचा ठराव ज्या दिवशी कराल, त्याच आठवड्यात एका पानाचं पत्र प्रत्येक दाराखाली सरकवा. त्यात आकडा मोठ्या अक्षरांत आणि एकच वाक्य : ‘तुमच्या एजंटला हे दाखवा.’ कायद्याने किती दिवसांत कळवायचं ते प्रत्येक राज्यात वेगळं असेल, पण दाराखाली कागद सरकवायला कायदा लागत नाही.

शनिवारी सकाळी मी मंडळाच्या वाचनालयात बसणार आहे. आपापलं डिक्लेरेशन्स पेज आणि असोसिएशनचा तो जाडजूड दस्त घेऊन या, एकत्र वाचू. मी विमा एजंट नाही, काही विकायचंही नाही. जुनी पॉलिसी मी जपून ठेवली आहे, पेन्सिलने पाच हजारांभोवती गोल केलेली. तीही आणेन.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची एक कॉन्डोमालकीण